दोन सेकंद

ऊन चढलं की गाडी रुसते.
सकाळी नाही, रात्री नाही,
दुपारी चारला, किराणा दुकानासमोरच्या डांबरावर,
मागच्या सीटवर बर्फातली मासळी वितळत असताना.
स्टार्टर फिरतो, फिरतो, फिरतच राहतो,
इंजिन पेट घेत नाही.
फ्रेस्नोच्या उन्हात चारी दारं सताड उघडून
मी खांबाच्या सावलीत उभी राहते, खांबाएवढीच होऊन.
वीस मिनिटांनी चावी फिरवावी
तर अशी सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं.

एक्क्याण्णवची अकॉर्ड. रंग कधीकाळी निळा.
तीन मालक, दोन लाख अडतीस हजार मैल,
डिकीत अजून कुणाचे तरी गोल्फचे दोन चेंडू.
चौदाशे डॉलरला घेतली तेव्हा
फेंग म्हणाला, ताई, फसलीस.

मग फेंगनेच बॅटरी बदलली.
मग स्टार्टर.
मग डिस्ट्रिब्युटरची टोपी, मग वायरी.
दुखणं म्हशीला, औषध पखालीला.
गॅरेजात नेली तर तिथे शहाण्या मुलीसारखी वागली.
त्यांनी नव्वद डॉलर घेऊन लिहून दिलं:
दोष आढळला नाही.

हेच वाक्य आईच्या फायलीतही आहे.
सकाळी नऊची वेळ, थंडगार खोली,
दुभाषा विचारतो, कुठे दुखतं?
आई हसते. कुठे काय, बरी आहे की.
आणि घरी, दुपारी, ओट्याला टेकून उभी राहते,
एक हात बरगडीखाली.
मी आत आले की तोच हात
गवती चहाच्या जुडीकडे नेते.

रविवार. मळ्यांत वेलींच्या रांगांमधून
कागदांवर बेदाणे वाळतायत,
हवेला त्यांचा गोड, किंचित करपलेला वास.
मी ठरवलं, आज काही बदलायचं नाही.
आज नुसतं ऐकायचं.
रेडिओ बंद. पंखा बंद. काचा वर.
चावी अर्ध्यावर.
मागे टाकीत पंप दोन सेकंद गुणगुणायला हवा,
काचेवर अडकलेल्या माशीसारखा,
मग डॅशखाली एक टिक्, मग शांतता.
आला. पुन्हा. आला. पुन्हा.
मग तासभर उन्हात उभी केली, आणि पुन्हा.

नाही.
जिथे आवाज असायला हवा तिथे
दोन सेकंदांचं भोक.

मी पाठीवर, डोकं क्लचपाशी, पाय दाराबाहेर.
शेजारची पोरं विचारत होती, मे येर मावशी मेली का?
साबणाच्या अर्ध्या वडीएवढी ती रिलेची डबी काढली,
झाकण उचकटलं.
भिंगाखाली, डाखाच्या एका थेंबाभोवती,
केसाहून बारीक गोल चीर.
खात्री हवी होती. डबी उघडीच पुन्हा जोडली
आणि लेकीचा केस वाळवायचा ड्रायर तिच्यावर धरला.
पंप गप्प.
थांबले, फुंकर घातली. पंप बोलला.
म्हणजे चीर तापली की उमलते,
निवली की मिटते,
आणि सगळे तपासणारे निवल्यावरच येतात.

सहा सांधे नव्याने डाखले.
खर्च काही नाही, बोटाला एक चटका.
फेंगला सांगितलं नाही.
त्याला त्याच्या स्टार्टरचा अभिमान आहे, असू दे.

सोमवारी दवाखान्यात फोन केला:
सकाळची वेळ नको, चारची द्या.
गुरुवारी आईला सगळा स्वयंपाक करू दिला,
भात, रस्सा, खलबत्त्यात मिरच्या.
मी मदत केली नाही.
जीव तुटत होता, तरी नाही केली.

मग तिला गाडीत बसवलं.
काच खाली करू? म्हणाली.
म्हटलं, थांब जरा.
चावी अर्ध्यावर. दोघी गप्प.
मागून पंप गुणगुणला, एक, दोन.
आईचा हात बरगडीखाली होता,
आणि मी तिकडे बघितलं तरी
तिने तो हलवला नाही.